झुलाल आबांची घागर

सुमनबाईंना कोणी खोटं म्हटलं, तर त्या वाद घालत नाहीत. हात धरून स्वयंपाकघरात नेतात आणि फरशीवरचे काळे डाग दाखवतात.

गाव पाचोऱ्याजवळचं. रात्र नव्हती की अमावस्या नव्हती. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची भर दुपार होती.

आखाजीला घरोघरी पितरांची घागर भरतात. पण या घरात झुलाल आबांची घागर कधीच भरली नव्हती. झुलाल आबा म्हणजे सुमनबाईंच्या सासऱ्यांचे, नथ्थूनानांचे काका. मोठ्या लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते मुंबईला बोटीच्या भट्टीत कोळसा टाकायचे. बोट साधी, माल वाहणारी. सरकारने तिला राखाडी रंग फासला, वर एक तोफ बसवली आणि आरमाराच्या कामाला जुंपली.

दुसरा पावसाळा काही तिने पाहिला नाही. बुडाली, ती आबांना घेऊनच.

प्रेत आलं नाही. त्यांची आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, "जिता शे मना पोऱ्या."

जित्या माणसाची घागर कोण भरणार?

यंदा सुमनबाईंच्या मुलाने, तेजसने त्या बोटीची माहिती शोधून काढली. भट्टीवरचा एकही माणूस वाचला नव्हता. तेजसलाही मालवाहू जहाजावर, इंजिनखोलीत नोकरी लागली होती. संध्याकाळची गाडी होती. जाण्याआधी आबांची घागर भरू, असं त्यानेच ठरवलं.

निखाऱ्यांवर त्याने सांजोरीचा घास टाकला. भोवती पाणी फिरवलं. आणि हसत म्हणाला, "आबा, आते घर या. तुमना जागावर मी जाई ऱ्हायनू."

खर्र...

लोखंडावर फावडं ओढल्यासारखा आवाज.

खर्र...

मग कोणीतरी फावडं खाली ठेवलं. ते सगळ्यांनी ऐकलं.

नथ्थूनाना भुसावळला कोळशाच्या इंजिनावर फायरमन होते. बदलीचा माणूस आल्याशिवाय भट्टी सोडता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"असं बोलाले नको व्हतं रे. बदलीना माणूस उना, तवयच पहिला भट्टी सोडस."

उंबऱ्यापासून ओली पावलं उमटू लागली. एक... मग दुसरं... अनवाणी, कोळशाने काळी. घागरीपाशी येऊन थांबली.

घागरीतलं पाणी हळूहळू खाली गेलं.

सुमनबाईंनी पावलांतलं पाणी बोटाने चाखलं. खारट होतं.

त्यांनी तेजसला अडवून पाहिलं, रडून पाहिलं. "माय, अशी नोकरी परत भेटाव नही," म्हणून तो गेला.

परवा त्याचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

"माय, आमनं जहाज तेलवर चालस. आठे कोळसा नही, फावडं नही. तरी काल मना हात काळाकुट्ट व्हतात..."

आता सुमनबाई रोज दुपारी घागर भरतात आणि समोर हात जोडून बसतात. इतक्या वर्षांनी तहानलेल्या जिवाने घरी आलेल्या माणसाला जा म्हणायची त्यांना लाज वाटते. पण पोटचं पोर आहे.

"आबा, पानी पिधं ना? आते परत जा. मना तेजसले सोडा."

घागरीतलं पाणी रोज कमी होतं.

बाहेर जाणारं पाऊल अजून एकही उमटलेलं नाही.