अठ्ठावीस गोण्यांचं गणित

"थांबवा! मिक्सर थांबवा!" रूथ शिडीवरूनच ओरडली. पण मिक्सरच्या घरघराटापुढे तिचं कोण ऐकतंय!

तिसगावच्या नव्या अंगणवाडीचा स्लॅब आज पडत होता. सारं गाव सकाळपासून श्रमदानाला जुंपलं होतं. रूथ, तिची मैत्रीण रुपाली आणि शेजारचा नोहा, या तिघांनी मे महिन्याच्या सुट्टीत या स्लॅबचं गणितच मांडलं होतं. वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, पाच इंच जाड. म्हणजे सव्वाशे घनफूट. भडंगाला पाणी लागलं की ते बसतं ना, तसाच सुका मालही ओला झाला की बसतो. म्हणून सुका माल दीडपटीहून थोडा जास्त धरायचा. त्यात सिमेंट एक भाग, वाळू दीड, खडी तीन. छगन मिस्त्रींनी शिकवलं तसं सगळं केलं आणि उत्तर आलं, बरोब्बर अठ्ठावीस गोण्या सिमेंट! मग रूथने कडेच्या फळीवर पाच फुटांवर खडूने खूण केली. इथवर सात गोण्या लागायलाच हव्यात.

आता माल त्या खुणेला टेकला होता आणि रिकाम्या गोण्या होत्या सहाच! रूथ धडाधड खाली उतरली.

"नीट मोज गं," रुपाली म्हणाली.

"तीनदा मोजल्या!"

"मग बरंच की! एक गोणी वाचली," सरपंच काकासाहेब हसले.

"वाचली न्हाई काका, कमी पडली! स्लॅब कच्चा ऱ्हाईल. जूनपासून माझा इसहाक याच्याखाली बसनार हाय!" चार वर्षांच्या भावाचं नाव घेताना रूथचा आवाज कापला. पण मोठी माणसं ऐकतील तर ना!

तिघं वाळूच्या ढिगाकडे धावली. तिथे गावातले म्हातारे शेतकरी कारभारीनाना फर्मा भरत होते. फर्मा म्हणजे एक गोणी सिमेंट मावेल एवढ्या मापाचं, वाळू-खडी मोजायचं लाकडी खोकं.

"ताई, शीग बघ!" नोहा किंचाळला. खोकं भरल्यावर नाना वर टोकदार ढीग रचत होते, अगदी बाजरी मापावी तसा!

"नाना, फर्मा सपाट भरायचा असतोय!" रूथ म्हणाली.

"सपाट?" नाना भडकले. "उभा जन्म बाजरी मापली म्या. सपाट माप दिलं तर मानसं चिक्कू म्हनत्यात! आन हितं तर लेकरांचं काम हाय."

मागोमाग आलेल्या काकासाहेबांकडे बघून नोहाने डोळे मिचकावले. "काका, पैज! सात फर्म्यांची शीग काढली तर आठवा फर्मा भरतोय. न्हाई भरला, तर दिवसभर आमी पानी वाहतो!"

पैज म्हटल्यावर काकासाहेबांना कुठलं राहवतंय! "लाव! ए, मिक्सर बंद करा रे!"

मिक्सर थांबला. रूथने प्रत्येक फर्म्यावरून फळी फिरवली. एक, दोन, तीन... सातव्याची शीग पडली आणि आठवा फर्मा काठोकाठ भरला!

छगन मिस्त्रींच्या तोंडचं पाणीच पळालं. "प्रत्येक वेळी वाळू-खडी जास्त, शिमिट तेवढंच! माल ओला हाय तवर उतरवा सगळा! अंगनात पसरा!"

नव्या सहा गोण्या आणायला काकासाहेब स्वतः टेम्पो घेऊन पळाले.

दिवस मावळायच्या आत स्लॅब पुरा झाला. "पंचवीस वर्सं स्लॅब टाकतोय, पन अशी खूण करायचं मला न्हाई सुचलं," मिस्त्री म्हणाले. काकासाहेबांनी तिघांची पाठ थोपटली. "पोरांनो, गावाची लाज राखलीत!"

दिवसभर गुमान फळी फिरवून सपाट फर्मे भरणारे नाना शेवटी रूथजवळ आले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"माझी नात बी हितंच बसनार हाय, पोरी," ते म्हणाले. रूथच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.