परीक्षक बदलण्याचे कारण

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध थांबली. आत ती होती, लोकरी टोपी घातलेले एक वयस्क गृहस्थ होते, आणि त्यांचा दंड धरून उभा असलेला एक उंच तरुण.

गृहस्थांना तिनं ओळखलं आणि मनात म्हणाली, झालं आता.

तिसऱ्या मजल्यावर कंपवातावरच्या जनुक-उपचाराची चाचणी चालू होती. निम्म्या रुग्णांच्या मेंदूत, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर बसवून, एक जनुक सोडलं होतं. उरलेल्यांच्या कवटीला नुसतंच वरवर भोक पाडून टाके घातले होते. कोणाला काय मिळालं हे रुग्णांना माहीत नव्हतं आणि तिलाही. ती परीक्षक. दर महिन्याला रुग्णाची बोटं, पावलं, चाल बघायची आणि शून्य ते चार असा आकडा लिहायचा. शून्य म्हणजे ठणठणीत. टाके दिसू नयेत म्हणून टोपी, आणि मन कलू नये म्हणून गप्पा बंद. समन्वयक ताई तिला तोंडावर 'मापपट्टी' म्हणायच्या.

"तुम्हीच ना त्या परीक्षक?" तरुण म्हणाला. "बरं झालं भेटलात. ऑपरेशन झाल्यापासून बाबांचं..."

तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

"वाईट बोललो का काही?"

"वाईट नाही, चांगलं नाही. काहीच बोलायचं नाही."

"मग लिफ्टबद्दल? माझा धंदाच आहे तो. लिफ्ट दुरुस्त करतो."

"मग करा ना ही."

"करतो की. पण अवजारं... गाडीत राहिलीत."

तिनं डोळे मिटून घेतले. गृहस्थ शांतपणे म्हणाले, "याचं हे असंच असतं, पोरी. लहानपणापासून."

लिफ्ट सुटायला वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात तो एकही शब्द बोलला नाही. नुसता तिच्याकडे बघत राहिला, आणि तिला ते बोलण्यापेक्षा जास्त त्रासदायक वाटलं.

पुढच्या महिन्यात तपासणीच्या खोलीबाहेर त्यानं दाराच्या काचेला एक कागद लावून धरला. 'हे बोलणं नाही, लेखन आहे. आज निळा रंग छान दिसतो.' तिनं पडदा ओढला. त्याच्या पुढच्या महिन्यात लिफ्टमध्ये, वजनाच्या पाटीखाली चिठ्ठी: 'सहा माणसं किंवा एक मापपट्टी.' हे नाव त्याला ताईंनीच सांगितलं असणार. तिनं चिठ्ठी चिडून काढली, चुरगळली... आणि कचऱ्याचा डबा दिसेपर्यंत म्हणून एप्रनच्या खिशात ठेवली. त्या मजल्यावर कचऱ्याचे नऊ डबे होते.

सहाव्या महिन्याच्या तपासणीला त्याचे वडील आले तेव्हा त्यांचे हात फार कापत होते. तपासणीच्या आदल्या रात्रीपासून गोळ्या बंद ठेवाव्या लागत. अशा सकाळी सगळ्यांनाच जड जात. शर्टाची बटणं वरखाली लागली होती.

"चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली," ते खुर्चीत बसता बसता म्हणाले. "पाच मिनिटं पुढे चालणारं घड्याळ कधी गिऱ्हाइकाच्या हातात दिलं नाही. मला गुण येवो न येवो, तुमचा आकडा तेवढा खरा असू द्या. नाहीतर या सगळ्या सकाळी फुकट."

तिनं नेहमीप्रमाणे सांगितलं, "अंगठा आणि तर्जनी. जितक्या जोरात जमेल तितकं उघड-मीट, दहा वेळा." आणि लिहिलं: एक.

चार दिवसांनी ताई तिच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. नियमाप्रमाणे तपासणीची चित्रफीत बघून दुसऱ्या परीक्षकानं दोन लिहिले होते.

"त्याचं चुकलं असेल," ती म्हणाली.

"बघून घ्या."

तिनं बघितलं. सहाव्या वेळी बोटं अडकली होती, आठव्या वेळी पुन्हा. आंधळ्यालाही दिसलं असतं. पण चौकटीच्या कडेला ती स्वतःही दिसत होती, आणि नेमक्या त्या वेळी तिची नजर बोटांवर नव्हती. दाराच्या काचेकडे होती. तिथं एक माणूस वडिलांची छत्री हनुवटीवर तोलत उभा होता. आणि घड्याळजी, बोटं अडकलेली असताना, तिच्याकडे बघून गालातल्या गालात हसत होते.

तिला स्वतःचा असा राग आला की पाच मिनिटं ती नुसती पेनाचं टोपण उघडत-मिटत बसली. घड्याळजींच्या सगळ्या सकाळी तिच्यामुळे फुकट जाणार होत्या. मग तिनं एक छापील अर्ज काढला. परीक्षक बदलण्याचे कारण: आजारपण, रजा, राजीनामा, रुग्णाच्या कुटुंबाशी व्यक्तिगत संबंध. चौथ्या चौकटीत तिनं खूण केली. रेघ सरळ आली नाही.

ताईंनी अर्ज दोनदा वाचला. "संबंध? अहो, तुम्ही त्याच्याशी एक वाक्य धड बोलला नाहीत."

"बोलायचं आहे. म्हणून आधी अर्ज."

"मोठे साहेब ओरडतील. मधेच परीक्षक बदलायचा म्हणजे..."

"ओरडू देत. या वेळचा आकडा दुसऱ्याचाच धरा. माझा चुकलाय."

सातव्या महिन्यात घड्याळजी बाकावर बसले होते आणि तो शेजारी उभा होता. ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आजपासून यांना मी तपासणार नाही. बाबांची तब्येत सोडून काहीही बोला."

त्यानं बाबांकडे पाहिलं. "म्हणजे... आत्ता?"

"सहा महिने तोंड बंद ठेवता येत नव्हतं ना? मग बोला."

"मी... म्हणजे तुम्ही..." त्याच्या हातातली छत्री खाली पडली. ती उचलताना बोटं थरथरली, छत्री पुन्हा पडली.

तिनं कपाळाला हात लावला. "अवजारं आजही गाडीतच का?"

"वाटतंय तसंच."

घड्याळजींनी मुलाच्या हाताकडे बारकाईनं पाहिलं. "याला किती द्याल, पोरी? मला तर तीन वाटतात."

तिनं छत्री उचलून बाकावर ठेवली, आणि तो कापणारा हात धरला. तो थांबायचं काही नाव घेत नव्हता.

"या घरातल्या कुणालाच मी आता मार्क देत नाही," ती म्हणाली.