तुमचं गिऱ्हाईक घ्या

"हे तुमचं गिऱ्हाईक. घ्या ताब्यात."

दुकानाच्या दारात पांढरा कोट घातलेला एक उंच माणूस उभा होता. एका हाताला आजीबाई, दुसऱ्या हातात आजीबाईंची फुगलेली पिशवी. मी इस्त्रीवरून मान वर केली. सकाळपासून दुकानात चिटपाखरू फिरकलं नव्हतं. आणि कामानं माणूस थकत नाही इतका कुणी न येण्यानं थकतो.

"पण... तुम्ही कोण?"

"पलीकडच्या गल्लीत दातांच्या कवळ्या बनवतो. आठवडाभर लोक खिडकीची मापं घेऊन माझ्याकडे येताहेत. फोनवरच्या नकाशात तुमचं पडद्यांचं दुकान माझ्या खोलीत आहे म्हणे! काल एक काका म्हणाले, जरा जाड कापडातलं दाखवा. माझ्या हातात कुणाची तरी कवळी होती. ती बघून ते जे पळाले..."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. चूक माझीच होती. दुकानाची ऑनलाइन नोंदणी मी केली ती दाढ दुखत असताना, दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून. फोननं विचारलं, आत्ता आहात तिथेच दुकान आहे का? कळ इतकी होती की मी डोळे मिटून 'हो' दाबलं. त्या बाकाच्या मागच्याच खोलीत हा कवळ्या घडवत बसायचा.

"आजच दुरुस्ती टाकते. पण मंजूर व्हायला वेळ लागेल," मी म्हटलं.

"लागू दे," तो माझ्याकडे बघत म्हणाला. मग उगाचच कोटाचं बटण लावत, "म्हणजे... मला काही घाई नाही."

घाई मला होती. दादानं स्पष्ट सांगितलं होतं, या हंगामात दुकान चाललं तर ठीक, नाहीतर गाळा मोबाइलवाल्याला भाड्यानं द्यायचा. मग मी मोठ्या शोरूममध्ये गणवेश घालून दुसऱ्याचे पडदे विकायचे. बाबा गेल्यावर मशीनवर मी बसले होते, पण गाळा दादाच्या नावावर होता. ऑनलाइन जाहिरात कर, हा सल्ला मात्र घरादारानं फुकट दिला. दादा म्हणाला, जाहिरात लाव. ती इतक्या दूरच्या लोकांना दिसली की एका बाईंनी घरी येऊन माप घ्याल का विचारलं, आणि त्यांचं गाव रेल्वेनं रात्रभराच्या अंतरावर निघालं. वहिनी म्हणाली, रील बनव. मावशी म्हणाली, सगळ्या ग्रुपवर टाक. मावशीच्या भजनाच्या ग्रुपनं मला काढून टाकलं. हे सगळं करून शिवायला वेळ उरेना, आणि शिवायला तरी होतं काय?

तो मात्र येत राहिला. कधी सासू-सुना, कधी नवं बिऱ्हाड थाटणारं जोडपं. गिऱ्हाईक पोचवायचं आणि मग स्टुलावर टेकायचं. "पाय दुखतात हो चालून," म्हणायचा. गल्ली ती केवढी!

एका दुपारी तो आला तेव्हा मी फोन टेकवून रील करत होते. पडदा सरकवायचा, मागून डोकवायचं आणि हसायचं. सातव्यांदा की आठव्यांदा.

"बंद करा ते," तो म्हणाला.

"का? वाईट दिसतेय?"

"खोटं हसताय. माझा धंदाच आहे, मला कळतं. ओठ हसताहेत आणि डोळे म्हणताहेत, कुणीतरी मला झोपू द्या."

इतके दिवस घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं ते. मी मटकन कापडाच्या ढिगाऱ्यावर बसले. डोळे भरून आले, ते लपवायचेही श्रम नको वाटले. त्यानं काही समजूत वगैरे घातली नाही. नुसता फोन उचलून रील पुसायला लागला.

"आणि हे काय आहे? नुसत्या खिडक्याच खिडक्या..."

"काही नाही. पडदे लावून झाले की त्या खिडकीचा फोटो काढते. सवय आहे. ऊन पडलेलं छान दिसतं म्हणून."

तो बराच वेळ एकेक फोटो बघत राहिला.

"तुला जगभर दिसून काय करायचंय गं?" तो 'तू' म्हणाला हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं. "जाहिरात नको, रील नको. ज्याची खिडकी त्याला पाठव. एवढंच लिही, पडदे कसे आहेत?"

"हे काय मार्केटिंग झालं?"

"माझ्या म्हाताऱ्यांना मी असंच विचारतो, कवळी टोचत नाही ना? ते मग शेजाऱ्यालाही घेऊन येतात."

नाहीतरी रीलपेक्षा हे कमी कष्टाचं होतं. मी पाठवत गेले. आणि उत्तरं यायला लागली. 'अगं, ही खोली मुलीची होती, ती आता सासरी गेली. नवीन कर काहीतरी.' 'खालची शिवण उसवलीय, कधी येतेस?' 'आमच्या जाऊबाईंना तुझा नंबर दिलाय.' मशीन पुन्हा धावायला लागलं. मी दादाला फोन केला आणि म्हटलं, "गाळा नाही द्यायचा. माझ्याकडे हंगामभर पुरेल एवढं काम आहे." "बघ बाई, झेपत असेल तर..." दादा म्हणाला. आवाजात थोडं कौतुकही होतं.

झेपत कुठे होतं? पण ही दमणूक माझी होती, बरी वाटत होती. फक्त मधेच दाराकडे नजर जायची. नकाशा सुधारला होता. गिऱ्हाईक आता थेट यायचं... एकटंच.

मग एका संध्याकाळी तो आला. हात रिकामे, कोटही नाही.

"आज कुणाला आणलंत?"

"कुणाला नाही. आज मीच आलोय." त्यानं स्टूल ओढलं, पण बसला नाही. "गेले कितीतरी दिवस कारण शोधतोय. सापडत नाही. म्हणून बिनकारणाचा आलो... तू आवडतेस मला."

हातातला पडदा मी घट्ट धरला. छातीत धडधडत होतं आणि पाठ मोडून गेली होती, दोन्ही एकदम.

"मला पण..." मी म्हटलं. "पण खरं सांगू? मी फार दमलेय रे. ते नटणं, फिरणं, रात्र रात्र बोलणं... प्रेम करायला अंगात त्राणच नाही."

"मग करू नकोस. बसून राहा. सध्या मी करतो."

"असं कुठे असतं?"

"का नसावं? तुझं काम साचलंय, माझं आवरलंय. दे तो पडदा, घडी घालतो."

त्यानं तो वाकडातिकडा दुमडला. मी नुसती खुर्चीत मागे रेलले. किती दिवसांनी कुणी माझ्याकडून काहीच मागत नव्हतं. डोळे आपोआप मिटले. तेवढ्यात फोन वाजला. माझा हात उठायच्या आत त्यानं उचलला.

"हो, पडद्यांचं दुकान. बोला... हो, माप घ्यायला उद्या येतील त्या. नाही, आत्ता त्या जरा विसावल्यात." मग तो एकदम अडखळला. "मी? मी... म्हणजे तसा..."

तो माझ्याकडे बघतोय हे डोळे न उघडताही कळत होतं.

"सांग," मी म्हटलं, "घरचाच आहे म्हणून."