हाय… न्हाय…

टॉर्च बंद कर रे अभिनव, उजेड डोळ्यांत जातोय. लाईट येईपर्यंत एक सांगतो. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण दशरथने स्वतः मला सांगितलंय, आणि तो थापा मारणाऱ्यातला नव्हता.

आपल्याच बी विंगमध्ये राहायचा. त्याने आणि तारोडीच्या ईश्वरने मिळून मराठी टायपिंगचा एक एडिटर बनवला होता. विंडोजवर मस्त चालायचा. लिनक्सवर न्यायचा तर सगळा सोर्स कोड त्या सिस्टीमप्रमाणे जुळवून घ्यावा लागतो. त्यासाठी ईश्वरने एक छोटा प्रोग्राम लिहिलेला. तो मशीनला विचारत जायचा, हे आहे का, ते आहे का, आणि उत्तर छापायचा ईश्वरच्या गावच्या बोलीत. हाय. न्हाय. काम अडलं की शेवटी छापायचा, ‘येतो’. ईश्वर घरी निघताना म्हणायचा ना, तसंच. आणि समोरच्याने ‘ये’ म्हटल्याशिवाय पठ्ठ्या उंबरा ओलांडायचा नाही.

एका संध्याकाळी दोघांचं कोडवरूनच वाजलं. ईश्वर दारात उभा राहून म्हणाला, "येतो." दशरथने स्क्रीनवरून नजरच वळवली नाही. ईश्वर थोडा थांबला, आणि गेला. उत्तनच्या रस्त्याला, वळणावर त्याची बाईक… जाऊ दे.

तर ही रात्र दोन हजार सहाची, अनंत चतुर्दशीची. सगळी बिल्डिंग विसर्जनाला गेलेली, मी तेवढा घरी. दुसऱ्या दिवशी एका शाळेत एडिटर दाखवायचा होता, आणि तिथले कम्प्युटर सगळे लिनक्सचे. चालला नाही तर शाळा दुसरं काहीतरी घेणार आणि ईश्वरच्या हातचं काम कचऱ्यात जाणार. दशरथला ते सहन होण्यासारखं नव्हतं रे. मित्राचं एवढंच उरलं होतं त्याच्याकडे.

त्याने तपासणी चालवली. फॉन्ट… हाय. कीबोर्ड… हाय. जोडाक्षरं… न्हाय. येतो.

सेटिंग बदललं. परत न्हाय. येतो.

असं किती वेळा झालं कोण जाणे. शेवटी थकून, निव्वळ सवयीने, त्याच्या तोंडून निघून गेलं, "ये बाबा, ये."

एंटर मारायच्या आधीच तपासणी सुरू झाली.

जोडाक्षरं… हाय.

हसलाच तो. पण ओळी थांबेनात.

खुर्ची… हाय.

दुसरी खुर्ची… हाय.

दशरथ… हाय.

दाराला कडी…

बाहेरचे ढोल बंद झाले होते. त्याने मागे बघितलं नाही.

कडी… न्हाय.

मग बराच वेळ काही नाही. आणि एकच शब्द.

आयलो.

अनवाणी धावत माझ्या दारात आला. रात्रभर माझ्याकडेच बसून होता. उजाडल्यावर मी त्याच्याबरोबर गेलो. एडिटर तयार झालेला होता. शाळेत सगळ्या कम्प्युटरांवर चालला, एक जोडाक्षर तुटलं नाही. नंतर दशरथने पूर्ण कोडमध्ये ‘आयलो’ शोधला. कुठेच नव्हता.

हसू नकोस पिंकी. ते ऐकीव म्हणून सोडून दे हवं तर. पण सकाळी त्या खोलीत मी जे बघितलं, तेवढं सांगतो. दुसरी खुर्ची टेबलाशी ओढलेली. एडिटर उघडा. आणि कोऱ्या पानावर एकच ओळ…

‘ये म्हनायला येवढा उशीर केलास, दोस्ता?’