सहा फडकी, सात चेहरे

रंगमावशी त्या दिवशी घरून निघाली ती नेहमीसारखी घाईतच. दुपारी साडेतीनचा प्रयोग, त्याआधी सहा चेहरे रंगवायचे आणि वाटेत औषधांच्या दुकानातून कापसाचं मोठं बंडल घ्यायचं. तिने सासूबाईंच्या उशाशी पाणी ठेवलं, चादर सारखी केली, सोबतीला बसायला शेजारीणबाईंना हाक मारली आणि चपला शोधायला लागली.

“फडकी घेतलीस?” पलंगावरून सासूबाईंनी विचारलं.

“घेतली हो, आई. सहा.”

“मोजलीस?”

“दोनदा मोजली. आता तिसऱ्यांदा मोजायला लावलंत तर माझ्याशिवायच पडदा उघडेल.”

“उघडेना का,” सासूबाई म्हणाल्या. “पडताना तू तिथे असलीस म्हणजे झालं.”

यातली गंमत बाहेरच्या माणसाला कळायची नाही, म्हणून आधी थोडं सांगायला हवं. या घरातल्या बायका नाटक कंपनीत नटांचे चेहरे रंगवायचं काम करत आल्या. सासूबाईंनी ते चाळीसएक वर्षं केलं. कंपनीत त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत. सून आली, तिचा हात हलका निघाला, आणि बाईंनी तिला हाताशी घेतलं. पण पहिली दोन वर्षं तिला ब्रशला हात लावू दिला नाही. “रंगवतं कोणीही,” त्या म्हणायच्या, “आधी उतरवायला शीक.” त्यामुळे रंगमावशी आधी तेल किती कोमट हवं ते शिकली, पापणीवर कापूस किती वेळ धरायचा ते शिकली, आणि सगळ्यात शेवटी रंगवायला लागली.

बाईंचा नियम एकच. ज्या हाताने चेहरा चढवला त्याच हाताने तो उतरवायचा, आणि एकही चेहरा ठेवून घरी यायचं नाही. त्यासाठी फडकी. माणशी एक मऊ पांढरं फडकं, उकळून वाळवलेलं. प्रयोग संपला की मोजून आरशापुढे मांडायची. सगळी मळक्या बादलीत गेली की काम संपलं. डोकं थकलेलं असतं, त्याला विचारायचं नाही, फडक्यांना विचारायचं, असं बाईंचं म्हणणं.

त्यामागे एक दुखणं होतं. फार वर्षांपूर्वी एका नाटकात राणीचं काम करणाऱ्या मुलीला मध्यंतरात भोवळ आली. तशीच, राणीच्या रंगातच, तिला मागच्या दाराने इस्पितळात नेलं. बाई तेलाची बाटली घेऊन तिच्यामागे निघाल्या होत्या. मालकांनी अडवलं. आधी दुसऱ्या मुलीला राणी करा, मग जा, म्हणाले. बाईंनी दुसरी राणी रंगवली आणि धावत गेल्या, तोवर सगळं आटोपलं होतं. त्यांना आतसुद्धा सोडलं नाही. मुलगी गेली ती परक्याच्या चेहऱ्याने. बाईंनी हे सुनेला तिच्या लग्नाच्या वर्षी सांगितलं, एकदाच, आणि पदराने तोंड झाकून रडल्या.

आता त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. डॉक्टर म्हणाले होते की हृदय दमलंय, कधी थांबेल सांगता येत नाही. त्यांची ती सल गेली नव्हती. झोपेत त्या “येते गं, आलेच,” असं कुणाला तरी सांगायच्या. ते ऐकलं की रंगमावशी उठून त्यांच्या उशाशी बसायची. तिने देवाकडे आयुष्यात फारसं काही मागितलं नाही, पण हे मागायची, की आई जातील तेव्हा हलक्या मनाने जाऊ देत. तुमची त्यात काय चूक, असं तिने त्यांना शंभरदा समजावलं होतं. उपयोग शून्य.

तर त्या दिवशीचा प्रयोग छान रंगला. सव्वासहाला पडदा पडला आणि रंगमावशीचा आवडता तास सुरू झाला. रंगवताना सगळे घाबरलेले असतात, कुणी संवाद पुटपुटतं, कुणी चिडतं. उतरवताना मात्र माणसं निवांत होतात. रंगपटाच्या त्या अरुंद खोलीत ती आरशापुढे सहा फडकी मांडायची, कोमट पाण्याचं घमेलं ठेवायची आणि चष्मा काढून बाजूला ठेवायची, कारण वाफेने काच धुरकट व्हायची. चष्म्याची तिला गरजही नव्हती. तिची बोटं चष्म्यापेक्षा चांगली बघायची.

आधी डोळे. तेलात भिजवलेला कापूस पापण्यांवर ठेवून दहा आकडे मोजायचे, घासायचं नाही. मग तळव्यांवर कोल्ड क्रीम चोळून कपाळापासून सुरुवात, गालांवर खालून वर गोल गोल. मग ओठ. शेवटी कोमट पाण्यात पिळलेलं फडकं सबंध चेहऱ्यावर. ते पडलं की प्रत्येक जण “आहाहा” म्हणायचा. नायकसुद्धा म्हणायचा, आणि तो एरवी कुणाशी बोलत नसे. विनोदी नट खुर्चीत बसला की न चुकता आपल्या मुलाच्या अभ्यासाची काळजी करायचा. खलनायक तर घोरायचा.

पाच जण झाले, पाच फडकी बादलीत गेली. उरली छोटी. ही तेवीस वर्षांची मुलगी, नाटकात सत्तर वर्षांच्या आजीचं काम करायची. तपकिरी पेन्सिलने काढलेल्या सुरकुत्या आणि डिंकाने चिकटवलेल्या पांढऱ्या भुवया. ती नेहमी शेवटी यायची, गळ्यापर्यंत शाल ओढायची आणि मान मागे टाकून डुलकी काढायची.

रंगमावशी घमेल्यातलं पाणी बदलायला कोपऱ्यातल्या नळाशी गेली. तेवढ्यात कुणीतरी बाहेरून रंगमंचाकडची लाइन बंद केली असावी. आरशाभोवतीचे दिवे गेले, फक्त वरचे दोन राहिले. नेपथ्यवाल्यांची ठोकाठोक थांबली. ती वळली तेव्हा खुर्चीत गळ्यापर्यंत शाल ओढून, डोळे मिटून ती बसलेलीच होती.

“आलीस का बाई?” रंगमावशी म्हणाली. “आज दुसऱ्या अंकात काय रडलीस! बाहेर लोक नाकं पुसत होते.”

झोपली, असं म्हणत तिने पापण्यांवर कापूस ठेवला आणि दहा आकडे मोजले. कापूस उचलला तर काळाकुट्ट. तिने दुसरा ठेवला. तोही काळा. तिसराही. त्याला वास होता, जळलेल्या वातीचा.

“हे काय फासून आलीस गं?” ती पुटपुटली आणि क्रीम चोळत कपाळावरून एका गालापर्यंत आली. बोटं आपोआप थबकली. कपाळ गार होतं. घाम वाळल्यावर लागतं तसं नाही, फार आतून गार. आणि भुवयांना डिंक नव्हता.

तिने तळवा दिव्याकडे धरला. तळव्यावर विटकरी गुलाबी रंग होता, दाट, तेलात खललेला. हा रंग तिने पाहिला होता, पण लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात, घरातल्या दगडी खलात. पुढे तयार रंग मिळायला लागले आणि बाईंनी तो खल टाकून दिला. त्याला तीस वर्षं उलटून गेली होती.

नळ ठिबकत होता. दुसरा आवाज नव्हता.

“हा रंग...” ती खुर्चीवर वाकली. “हा कोणी लावला?”

ओठ जेमतेम हलले.

“बाईंनी.”

रंगमावशीने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“येते म्हणाल्या होत्या...” मिटल्या डोळ्यांनीच ती मुलगी म्हणाली. “दुसरा अंक लागला की येते म्हणाल्या... मी बसून राहिले.”

दार तीन पावलांवर होतं. पळून जाता आलं असतं. भीतीही तेवढी वाटत होती. पण चेहरा अर्धा झाला होता. कपाळ आणि एक गाल मोकळा, दुसऱ्या गालावर अजून राणी. असा चेहरा टाकून जायचं? घरी पलंगावर पडलेल्या त्या म्हातारीला मग काय तोंड दाखवायचं? सारी हयात जी चुटपुट तिने उराशी धरली ती इथे, हाताखाली होती.

“डोळे मिटलेलेच ठेव हं,” ती म्हणाली. सगळ्यांना म्हणायची तसंच. “थोडंच राहिलंय.”

मग तिने घाई केली नाही. दुसरा गाल केला, खालून वर, गोल गोल. हनुवटी केली. कानामागचा रंग राहतो म्हणून कानामागेही पुसलं. शेवटी ओठ. मग सहावं फडकं कोमट पाण्यात पिळून तिने त्या चेहऱ्यावर ठेवलं आणि दोन्ही तळव्यांनी हलकेच दाबलं.

फडक्याखालून श्वास सोडल्यासारखा आवाज आला.

फडकं काढलं तेव्हा खाली एक साधी मुलगी होती. बाविसेक वर्षांची, नाकावर चार ठिपके, बसकं नाक. राणीबिणी काही नव्हती. तिने डोळे उघडले आणि रंगमावशीकडे बघून हसली.

“हलकं वाटलं,” ती म्हणाली.

रंगमावशी कोरडा पंचा घ्यायला वळली. वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी होती. शाल घडी करून खुर्चीच्या हातावर ठेवलेली, आणि गादीतला खळगा सावकाश भरून येत होता.

ती मटकन जमिनीवर बसली आणि रडली. मग स्वतःशीच हसली. भीती ओसरत गेली आणि तिच्या जागी असं समाधान आलं की उठावंसंच वाटेना. झालं. आईंचा राहिलेला चेहरा झाला. तिने बादलीत पाहिलं, सहा फडकी होती. ती पिशवीत भरून तिने दिवा मालवला आणि घरी निघाली. वाटेत तिला रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाला थांबवून सांगावंसं वाटत होतं.

घरी शेजारीणबाई पलंगाशेजारी लोकर विणत बसल्या होत्या. “निवांत झोपल्यात बघा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही गेल्यापासून मी इथून हलले नाही. त्यांनी कूससुद्धा बदलली नाही.” आणि सुया गोळा करून त्या गेल्या.

सासूबाईंना उठवायचं तिच्या जिवावर आलं. आधी फडकी भिजत घालू, मग जागं करून सगळं सांगू, असं ठरवून तिने ती एकेक करून बादलीत सोडली. एक, दोन, तीन. सहाव्यावर विटकरी गुलाबी डाग होता. ते हातात तसंच राहिलं.

सहावं फडकं राणीचं. मग छोटीचं कुठलं?

फडक्यांचा हिशेब जुळला म्हणून ती निर्धास्त घरी आली होती. जन्मात पहिल्यांदा तिने एक चेहरा मागे ठेवला होता, तोही एका पोरीचा, डिंक लावलेला. तिने ओल्या हातानेच फोन लावला.

“छोटी, अगं कुठे आहेस? चेहरा... तुझा चेहरा राहिला गं माझ्याकडून!”

“राहिला कुठे, मावशी?” छोटी जांभई देत म्हणाली. “झाला की.”

“कोणी केला?”

“माझं डोकं दुखत होतं म्हणून मी कपड्यांच्या खोलीत आडवी झाले होते. तिथे आल्या ना तुमच्या सासूबाई. म्हणाल्या, सूनबाईला आज एक जास्तीचा आलाय, तू माझ्याकडे ये. काय हात आहेत हो त्यांचे! भुवया कधी निघाल्या ते कळलंसुद्धा नाही. राग मानू नका, पण तुमच्यापेक्षा मऊ.” मग जरा थांबून ती म्हणाली, “त्या चालायला कधी लागल्या? मी तर ऐकलं होतं...”

रंगमावशीने फोन ठेवला. ती पलंगाजवळ गेली, दिवा जवळ ओढला आणि चादरीवरचा सासूबाईंचा हात उचलला. नखांमध्ये तपकिरी पेन्सिलीचा रंग होता. बोटांना डिंक लागून वाळला होता.

तिने थोडं तेल कोमट केलं, कापूस घेतला आणि एकेक बोट पुसायला बसली. तिसऱ्या बोटावर सासूबाईंनी डोळे उघडले. इतकं शांत तोंड तिने त्यांचं कधी पाहिलं नव्हतं.

“कशी दिसत होती गं?” त्यांनी विचारलं.

“साधी. गोड. नाकावर ठिपके होते.”

“हो, होते.” सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्या हसल्या. “तुझे उपकार झाले, बाई माझे.”

“सुनेचे कसले उपकार, आई? आता मात्र निवांत झोपायचं. दोघींनी.”

“मी झोपते.” सासूबाईंनी डोळे मिटले. बोटं सुनेच्या हातात तशीच राहू दिली. “तुला मात्र उद्यापासून घरी यायला उशीर होणार.”

“का?”

“बाकीचे पण बसलेत ना... रांगेत. मी आज पाहिले.”

रंगमावशीचा कापूस थांबला.

“पण आई... तुमचा तर एकच राहिला होता.”

“माझा एकच,” सासूबाई झोपेच्या गुंगीत म्हणाल्या. “माझ्या आधी त्या खोलीत माझी सासू होती. माणूस फार चांगली. पण ती कधी मोजायची नाही गं.”