कूस

त्या शनिवारी वीणाला नुसती थोडी प्रॅक्टिस करायची होती. तेवढ्यासाठी तिच्या नवऱ्यानं, उपेंद्रनं, भरल्या ताटावरून उठून गाडी काढली, दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरून तिला अल क्वोजला कॉलेजवर आणून सोडलं आणि म्हणाला, "झालं की फोन कर. धुळीचं वादळ येणार म्हणतायत, रस्त्यावर उभी राहू नकोस."

वीणा चाळिशीला टेकलेली. मुलगी केया मोठी झाली, घर रिकामं वाटायला लागलं, तेव्हा तिनं कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगच्या डिग्रीला नाव घातलं. लेकीच्या वयाच्या मुलींशेजारी बसायची लाज पहिल्या महिन्यातच गिळून टाकली. पण प्रॅक्टिकलला ती एकदा नापास झाली होती. पेशंटला कुशीवर वळवलं, आणि घाईत त्याची पाठ बघायचीच राहिली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ बघायला नर्स विसरली की माणूस पाठीकडून सडायला लागतो, असं परीक्षक बाईंनी सगळ्यांदेखत सुनावलं होतं. आता ईदच्या सुट्टीनंतर पुन्हा परीक्षा. यात गेली, तर डिग्री गेली.

कॉलेज म्हणजे गोदामांच्या रांगेतली एक जुनी इमारत. लॅब सांभाळणाऱ्या जहूरनं दार उघडून दिलं. "आप प्रॅक्टिस करो मॅडम, मैं नमाज पढके आता हूँ," म्हणाला आणि गेला.

खोलीत पलंगांची रांग, आणि प्रत्येक पलंगावर गळ्यापर्यंत चादर ओढलेला एकेक प्लास्टिकचा पुतळा. कॉलेजात त्यांना कुणी पुतळा म्हणत नसे. पेशंटच म्हणायचं, असा नियमच होता. खिडकीबाहेरचा उजेड धुळीनं हळदीसारखा पिवळा झाला होता. वारा पत्र्यांवरून घासत जाई, मध्येच थांबे, पुन्हा येई. कोपऱ्यातल्या पलंगावर म्हातारीच्या रूपाचा पेशंट होता. वीणानं तोच निवडला.

जे करायचं ते पेशंटला आधी सांगायचं, हाही नियम. एरवी ती ते इंग्रजीत घोकायची. आज ऐकायला कुणी नव्हतं.

"आजी, मी वीणा. तुम्हाला जरा कुशीवर वळवते हं. घाबरू नका."

खांद्याला आणि कमरेला धरून तिनं पेशंटला आपल्याकडे ओढलं. मागून हात घालून पाठ तपासायला गेली, आणि हात तिथंच थबकला.

पाठ गरम होती.

तापलेल्या प्लास्टिकसारखी नव्हे. फार वेळ एकाच अंगावर निजलेल्या माणसाची असते तशी, दमट गरम. वीणा वाकून पाहायला लागली. माकडहाडावर लाल चट्टा होता. शिकवल्याप्रमाणे तिनं त्यावर बोट दाबलं. चांगली कातडी असेल तर लाली दाबल्यावर जाते. ही गेली नाही.

जहूर आला तेव्हा ती दाराशी उभी होती. त्यानं येऊन पाहिलं आणि हसला. "एसी बंद था मॅडम, इसलिये गरम है. और ये तो रंग लगा है किसी का." स्पिरिटच्या बोळ्यानं त्यानं चट्टा पुसला. दोनदा पुसला. मग बोळा उजेडात धरून बघितला. तो स्वच्छच होता. जहूरचं हसू ओसरलं.

वीणानं पेशंटला डाव्या कुशीवर नीट निजवलं, पाठीशी उशी लावली आणि घरी गेली. पण घरात तिचं चित्त ठरेना. भाजी चिरताना सुरी हातातच राहायची. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, आणि इथं तर दिवस उलटला होता. एकाच अंगावर पडलीय बिचारी... कोण वळवणार तिला?

"अगं, प्लास्टिकचा पुतळा तो!" उपेंद्र म्हणाला. "परीक्षेचं टेन्शन घेतलंयस तू."

"आई, यू नीड स्लीप," केया मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली.

सोमवारी वर्ग सुटल्यावर वीणा धावतच लॅबमध्ये गेली. चट्ट्याची कड सुटली होती. आत ओलसर दिसत होतं, आणि एक वास... गोडसर, जुनाट. पुस्तकात त्या वासाचं वर्णन होतं. तिनं हात धुतले, हातमोजे चढवले, जखम सलाइननं साफ केली, वर ड्रेसिंग लावलं. जहूर शेजारी ट्रे धरून उभा होता. तोंडातल्या तोंडात तो काहीतरी पुटपुटत होता. दुआ असावी.

"मॅडम... किसी को बताना है क्या?"

"काय सांगणार, जहूरभाई? क्या बोलेंगे?"

तेव्हापासून वीणा नसेल तेव्हा जहूर पेशंटची कूस बदलायला लागला. त्यानं ते कबूल केलं नाही. पण सकाळी ती यायची तेव्हा पेशंट उजव्या अंगावर असायचा, दुपारी डाव्या. जखम हळूहळू सुकत होती.

आणि मग ईद आली. कॉलेज बंद, वीज बंद. जहूर शारजाला भावाकडे गेला.

पुढे वीणा ती परीक्षा पास झाली. आज एका इस्पितळात तिची नोकरी आहे आणि तिच्या वॉर्डात कुणाची पाठ बिघडत नाही. पण ही हकीकत सांगायला बसली की ती परीक्षेबद्दल चकार शब्द काढत नाही. ईदच्या सुट्टीतल्या त्या दुपारबद्दल बोलते.

ती बर दुबईत होती. केयाला मीना बाजारातून कापड घ्यायचं होतं. दुकानदार थानामागून थान उलगडत होता, आणि वीणाला त्या पसरलेल्या कापडाखाली सारखं कुणीतरी निजलेलं वाटत होतं. शेवटी ती केयाला दुकानातच ठेवून बाहेर आली आणि तिनं जहूरला फोन लावला.

पेशंटची कूस कोण बदलतंय, एवढंच तिनं विचारलं. मग जहूर म्हणाला, "मैं भी वही सोच रहा था, मॅडम. मैं निकलता हूँ. आप भी आ जाओ."

लॅबचं दार उघडलं तेव्हा आतली हवा भट्टीसारखी असेल, असं दोघांनाही वाटलं होतं. ती तशी नव्हती. खोली गार होती. वास येत होता... बामचा, मऊ भाताचा, आजाऱ्याच्या खोलीत येतो तसा.

कोपऱ्यातला पेशंट उजव्या कुशीवर होता. वीणानं जाताना त्याला डाव्या कुशीवर ठेवलं होतं.

"आपने...?" जहूरनं विचारलं.

तिनं मान हलवली. "तुम्ही?"

"नहीं. चाबी तो मेरे पास थी."

दोघं जवळ गेली. कामात जराही खोट नव्हती. वरचा गुडघा वाकवलेला, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी, टाचा गादीवर टेकू नयेत म्हणून खाली घडी घातलेलं मऊ धुवट लुगडं. उशी कॉलेजची नव्हती. तिचा अभ्रा फुलाफुलांचा होता, आणि त्यावर डोक्याच्या तेलाचा गोल डाग होता. पलंगाशेजारी एक खुर्ची ओढून ठेवलेली.

वीणानं वाकून ती उशी काढायला हात पुढे केला.

"असू दे गं," मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं. थकलेला बाईचा आवाज, रात्ररात्र जागलेला. "आत्ताच डोळा लागलाय तिचा..."

वीणा वळली नाही. वळणं तिच्यानं झालंच नाही. समोर जहूर उभा होता आणि तिच्या खांद्यावरून त्या खुर्चीकडे बघत होता. त्याच्या ओठांचा रंग गेला होता.

"मॅडम," तो जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला, "इन्होंने... क्या बोला?"

"सो गयी है, बोली," वीणा कुजबुजली. "आवाज नहीं करना."

जहूरनं हातातला किल्ल्यांचा जुडगा मुठीत गच्च आवळून धरला, आणि दोघं पावलांचा आवाज न करता दाराकडे सरायला लागली.