मैदानातली कोरडी जागा

घागर काखेत घेऊन शांतम्मा टँकरकडं निघाली, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. उदगीरच्या बाहेर जिथं पूर्वी करडईची रानं होती, तिथं आता प्लॉट पडून कॉलनी झाली होती. उदगीरचा जिल्हा होणार, या नुसत्या बोलण्यावर बंगले उभे राहिले. पाणी मात्र कुणी आणलं नाही, आणि यंदाच्या दुष्काळात तर बोअरवेलही आटल्या. तिच्या घराला लागून धाकट्या दिराचा, मल्लिकार्जुनचा, बंगला होता. त्यापुढं त्यानं मोठं मैदान सपाट करून घेतलं होतं. त्यानं हेलिकॉप्टर घेतलं होतं, आणि ते आज पहिल्यांदा घरापुढं उतरणार होतं.

टँकर मैदानातच उभा होता. घागरींची रांग उन्हात तापत होती आणि टँकरवाला व्यंकट नळी धरून जमिनीवर पाणी मारत होता.

"आधी मैदान, मग तुमी," तो वर न बघता म्हणाला. "धूळ उडाली तर पंख्याला बाधतंय म्हणं."

माती काळीभोर झाली. तिचा ओला वास बायांनी घशात ओढून घेतला. फक्त कोपऱ्यात, एक माणूस मांडी घालून बसेल एवढी गोल जागा पांढरीच राहिली. व्यंकटनं नळी तिथं रोखली. पाणी आत जात होतं, घटघट आवाज येत होता, पण जागा भिजत नव्हती.

"लई पिऊन राहिली की ही," व्यंकट म्हणाला. "पयल्यांदा सासरवाडीला आलेल्या जावयावानी."

बाया हसल्या. शांतम्मानं घागर खाली ठेवली.

तिच्या नवऱ्याला, सिद्धलिंगला, घरचं रान होतं तेव्हा तिथंच समाधी दिली होती. त्यांच्यात, लिंगायतांत, माणसाला जाळत नाहीत, निजवतही नाहीत. मांडी घालून बसवतात, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवतात आणि मातीनं झाकतात. निजलेला माणूस झोपून जातो. बसवलेला वाट बघतो, असं तिला पहिल्यापासून वाटायचं. दर सोमवारी ती समाधीच्या दगडावर तांब्याभर पाणी घालायची. मैदान करताना मल्लिकार्जुननं तो दगड कुंपणाशी नेऊन ठेवला, जंगमस्वामींकडून पूजा करून घेतली. तेव्हापासून ती कुंपणाशी पाणी घालत होती.

मल्लिकार्जुन बंगल्यातून बाहेर आला.

"भावजी," ती हळूच म्हणाली, "हे इथंच बसलेत अजून."

"वैनी, अण्णाला नेलं न्हवं का तिकडं? समद्यांला जेवण घातलं."

"दगड नेला तुमी. ह्यांना कुणी उठवलं?"

त्यानं कोरड्या जागेकडं पाहिलं आणि बूट मागं घेतला.

"उंदराचं बीळ असंल…"

"हेलिकॉप्टरात सिद्धेश्वर हाय. एकच लेकरू हाय माझं. त्याला नांदेडहून मोटारीनं येऊ द्या. पाया पडते तुमच्या."

"निघाला की तो, वैनी. आता वरच्या वर कुठं उतरवू? पोरगं हौसेनं येऊन राहिलंय. काकाचं इमान हाय, बसू द्या."

तेवढ्यात तिच्या तळपायांना थरथर जाणवली. आभाळात आवाज त्यानंतर आला.

रिकाम्या घागरी घेऊन आलेल्यांनीही मोबाइल वर धरले. पत्रे धडधडले, वाळत घातलेली धुणी उडाली. हेलिकॉप्टर खाली येत होतं आणि ओल्या मैदानातून धूळ उठत नव्हती. फक्त त्या गोल जागेतून उठली. वाऱ्यानं ती पांगली नाही. बसक्या माणसाएवढी झाली, थांबली. मग गुडघ्यांवर हात टेकून कुणी सावकाश उठावं, तशी उभी राहिली…

शांतम्मानं डोळे मिटून घेतले.

पंखा थांबला. सिद्धेश्वर उतरला, धडधाकट. तिचा जीव भांड्यात पडला. पोराच्या तोंडावर मात्र हसू नव्हतं. त्यानं डावी मूठ छातीशी आवळून धरली होती.

"पाणी," तो म्हणाला.

व्यंकटनं भरून दिलेली घागर घरी येताच सिद्धेश्वरनं तोंडाला लावली. अर्धं पाणी व्हरांड्याच्या फरशीवर सांडलं, अर्धं प्यायला. ओठांवरच्या भेगा तशाच पांढऱ्या.

"मूठ उघड की रं… काय हाय त्यात?"

त्यानं मूठ आणखी आवळली. पोरगा तिला अव्वा म्हणायचा. आता त्यानं कसलीच हाक मारली नाही.

"सोमवारचं पाणी," त्यानं विचारलं, "कुठं घालत होतीस?"

ती रात्रभर स्वयंपाकघराच्या दाराशी बसून राहिली. सकाळी हेलिकॉप्टर परत जायचं म्हणून व्यंकटनं पुन्हा मैदानावर पाणी मारलं. कुंपणावरून तो ओरडला, "शांतम्मा, आज समदी जागा भिजली बगा. भागली तहान तिची."

तिनं मागं वळून पाहिलं. सिद्धेश्वर व्हरांड्यात मांडी घालून बसला होता, मूठ मिटून. काल सांडलेलं पाणी अजून फरशीवर होतं, फक्त त्याच्याभोवती गोल कोरडं पडलं होतं. आणि त्याच्या डाव्या अंगाला, नवऱ्याशेजारी बायकोची जागा असते तिथं, आणखी एक गोल सुकत चालला होता.

तिथं अजून कुणी बसलं नव्हतं.